दुरुस्तीची नोंद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षे बसलेल्या अण्णांना मालाची पारख करताना कुणाचा शब्द लागत नसे. हळकुंडावरील पॉलिशची चकाकी कितीही देखणी असली तरी त्यांचे तिकडे लक्ष नसे. पोत्यात हात घालून तळाचे एखादे हळकुंड काढायचे, कट्कन मोडायचे आणि आतला गाभा उजेडाकडे धरायचा, एवढी त्यांची रीत. माल आणणारा शेतकरी खरे बोलतो की खोटे, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. मोडलेले हळकुंडच त्याचे उत्तर देत असे. अशा माणसाला वयाच्या ६७व्या वर्षी एका मोटारीने पेचात टाकले. बोनेट उघडून उभे राहिल्यावर त्याखाली मोडून पाहता येईल असे त्यांना काहीच दिसेना.

वैशाखातली दुपार होती. पत्नीच्या डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना दर तीन आठवड्यांनी पुण्यास जावे लागे. त्या दिवशी परतताना खंबाटकीचा घाट अर्धा चढून झाला असेल-नसेल, तोच तापमानाचा काटा मध्यावरून सरकत लाल रेघेला टेकला. अण्णांनी एसी बंद केला, गाडी कडेला घेतली, इंजिन थांबवले. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती. रेडिएटरच्या टोपणावर फडके टाकून अण्णा ते फिरवणार, तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा चालक ओरडला, "काका, हात काढा! तोंड भाजेल!" त्याचे म्हणणे योग्यच होते. तापलेल्या रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असते. टोपण उघडताच दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात उकळून अंगावर येते. तासभर दोघेही उन्हात थांबले. डोळ्यांत औषध घातलेले असल्याने पत्नीला उजेड सोसवत नव्हता. तोंडावर पदर ओढून त्या एका दगडावर बसून राहिल्या. गाडी निवल्यावर अण्णांनी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या तिच्यात रिकाम्या केल्या आणि काट्यावर एक डोळा ठेवत रात्री उशिरा सांगली गाठली. पदर ओढून बसलेल्या पत्नीचे ते चित्र मात्र त्यांच्या मनातून जाईना. पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती.

गाडीतले पाणी कमी होण्याची ही पहिली वेळ नव्हती. गेले दीड-दोन महिने बोनेटखालची प्लास्टिकची बाटली अधूनमधून रिकामी दिसे, आणि अण्णा तिच्यात तांब्याभर नळाचे पाणी ओतून मोकळे होत. जमिनीवर कधी ओल दिसली नव्हती. त्यामुळे त्याची काळजीही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेहमीच्या गॅरेजात गेली. नेहमीच्या म्हणजे, २५ वर्षे ज्या मिस्त्रींच्या हाताखाली अण्णांच्या तीन गाड्या निघाल्या त्यांच्या. ते मिस्त्री दोन वर्षांपूर्वी वारले. आता गॅरेज त्यांचा मुलगा पाहत होता. आयटीआय झालेला, अबोल, तिशीच्या आतला तरुण. त्याने आधी विचारले, "अण्णा, बाटलीत काय भरत होता?" अण्णा म्हणाले, "जे भरतात तेच." त्याने ते कूलंट समजून घेतले. निवलेल्या रेडिएटरमध्ये पाणी भरून, टोपण लावून त्याने इंजिन सुरू केले. ते चांगले तापेपर्यंत तो वाट पाहत राहिला. बाटलीत बुडबुडे उठू लागले तसा त्याचा चेहरा गंभीर झाला.

"अण्णा, हेड गॅस्केट गेल्यासारखं वाटतंय. हेड उतरवावं लागेल. फेसिंग, गॅस्केट सेट, मजुरी सगळं धरून ३५ हजारांपर्यंत जाईल."

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो म्हणजे गॅस्केट. सिलिंडरमधील जाळ, वाहते पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे हे त्याचे काम. तो फुटला की जळालेला वायू पाण्यात शिरतो, बुडबुडे उठतात, पाणी उडते आणि गाडी तापते. सांगितलेले सगळे अण्णांना पटले. पटला नाही तो फक्त आकडा.

संध्याकाळी पुण्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अण्णा, गॅस्केट म्हणजे ह्या लोकांचं ठरलेलं पीक आहे. गाडी मोठ्या वर्कशॉपला दाखवा." तिथे वातानुकूलित कक्षात चहा मिळाला आणि दहा मिनिटांत संगणकावरील अंदाजपत्रक हातात आले: रेडिएटर गळका, संपूर्ण बदलणे, करासह ११ हजारांच्या आसपास. रेडिएटरच्या वरच्या कडेला वाळलेले पांढुरके डाग आहेत, एवढे कारण सांगण्यात आले. छापील आकड्याला एक प्रतिष्ठा असते. रकाने आखलेले, कराची टक्केवारी वेगळी दाखवलेली, खाली शिक्का. काळ्या हातांच्या मुलाने तोंडी सांगितलेले ३५ हजार त्या कागदासमोर लबाडीसारखे वाटू लागले.

त्याच दिवशी मार्केट यार्डातील चहाच्या टपरीवर विषय निघाला. दोन पेढीवाले शेजारी बसलेले होते. अण्णा म्हणाले, "बाप देवमाणूस होता हो. पोरगा मात्र..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते पुरे करण्याची गरजही नव्हती. बाजारात अर्ध्या वाक्यालाच अधिक भाव येतो. उरलेले अर्धे ऐकणारा आपापल्या परीने भरून घेतो.

दोन रात्री अण्णांना नीट झोप लागली नाही. वर्कशॉपचे ऐकावे तर गॅस्केट खरेच गेलेले असल्यास नवा रेडिएटर बसवूनही गाडी पुन्हा घाटात थांबेल आणि तोवर इंजिनाचे अधिक नुकसान झालेले असेल. मिस्त्रीचे ऐकावे तर कदाचित धडधाकट इंजिन विनाकारण उघडले जाईल. तिसऱ्या रात्री पत्नीने विचारले, "दोघांनी काय सांगितलं ते कळलं. पण त्यांनी पाहिलं काय, ते विचारलंत का?" अण्णा गप्प राहिले. त्या पुढे म्हणाल्या, "हळद घेताना तुम्ही माणसाचं तोंड बघता की हळकुंड मोडता?"

अण्णांनी तत्काळ दिवा लावला आणि खणातून आपली छोटी डायरी काढली. पेट्रोल, किलोमीटर, हवा, टोलनाका या सगळ्यांच्या नोंदी ती वही पाळत असे. 'पाणी १ तांब्या' अशाही नोंदी तिच्यात होत्या. त्यांनी तारखा जुळवून पाहिल्या. चार वेळा पाणी घातले होते, आणि चारही वेळा पुण्याहून परतल्यावर एक-दोन दिवसांतच. मधल्या दिवसांत घर ते यार्ड, यार्ड ते घर अशी गाडी रोज फिरली होती, पण तेव्हा थेंबभरही पाणी लागलेले नव्हते. अण्णांना त्याचा अर्थ कळला नाही. पण हा कागद ज्याला अर्थ कळतो त्याच्यापुढे ठेवला पाहिजे, हे कळले.

सकाळी ते गॅरेजात गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गॅस्केट गेलंय, हे कशावरून म्हणतोस?"

प्रश्न साधा होता, पण कुणी विचारत नाही असा होता. बहुतेक गिऱ्हाईक 'किती' आणि 'कधी' एवढेच विचारते. मुलगा थोडा थांबून म्हणाला, "बुडबुड्यांवरून. बाबा बुडबुडे बघूनच सांगायचे. बहुतेक वेळा खरं निघायचं."

"बहुतेक?"

"हो. बहुतेक."

या शब्दाने अण्णांचे मन सैल झाले. खोटे बोलणाऱ्या माणसाने 'बहुतेक' हा शब्द इतक्या सहज मान्य केला नसता. त्यांनी डायरी पुढे केली. मुलाने तारखा वाचल्या आणि मध्येच विचारले, "हा तांब्या कशाचा?" आता अण्णांची पाळी होती. "नळाच्या पाण्याचा," ते म्हणाले. चार दिवसांपूर्वी हा तपशील त्यांनी गिळला होता. वैद्यापासून पथ्य मोडल्याचे लपवावे आणि औषध लागू पडत नाही म्हणून त्यालाच दोष द्यावा, तसेच हे झाले होते.

मुलाने निवलेल्या रेडिएटरमधले पाणी काचेच्या पेल्यात काढून दाखवले. गडद हिरव्या कूलंटचा रंग फिकट सरबतासारखा झाला होता. कूलंट म्हणजे केवळ रंगीत पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल असते. ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण निम्मे-निम्मे मिसळले की मिश्रण पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते, आणि त्यातील रसायनांमुळे आतल्या धातूला गंज चढत नाही. नळाच्या पाण्यातील क्षार मात्र आत थर धरतात. चवीला ते गोडसर असते आणि विषारीही असते. म्हणून सांडलेले कूलंट मुलाबाळांच्या किंवा मुक्या जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये, हेही त्याने पेला रिकामा करताना सांगितले.

"अण्णा, हेड उतरवायच्या आधी दोन चाचण्या करू. साधनं माझ्याकडं नाहीत. मिरजेच्या एका गॅरेजातून संध्याकाळपर्यंत आणतो."

संध्याकाळी अण्णा स्टूल घेऊन समोर बसले. पहिली चाचणी वायूची होती. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून तिच्यात निळे द्रव भरले आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा त्या द्रवातून ओढली. जळालेला वायू पाण्यात शिरत असेल तर हे निळे द्रव पिवळे पडते. पाच मिनिटे झाली, दहा मिनिटे झाली. द्रव निळेच राहिले. मुलाने दोनदा करून पाहिले. गॅस्केट शाबूत होते.

दुसरी चाचणी दाबाची. सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्याला तबकडी आणि काटा. इंजिन निवल्यावर तो रेडिएटरच्या तोंडाला लावून आत हवेचा दाब दिला. कुठे गळती असेल तर काटा उतरतो, आणि गळतीच्या जागी ओलही येते. पंधरा मिनिटे काटा जागचा हलला नाही. रेडिएटर, होज पाइप, वॉटर पंप, सगळे कोरडे होते. म्हणजे छापील अंदाजपत्रकही चुकीचे ठरले.

मुलगा बराच वेळ डोके खाजवत उभा राहिला. मग त्याने टोपण हातात घेतले. रेडिएटरचे टोपण म्हणजे नुसते झाकण नसते. ती स्प्रिंग लावलेली झडप असते. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तेवढा दाब ते धरून ठेवते. दाबाखालचे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, १२०च्या आसपास उकळते. कूलंट असेल तर त्याहूनही वर. प्रेशर कुकरचेच हे तत्त्व आहे. अण्णांच्या टोपणावर १.१ होते. मुलाने ते पंपाला जोडून दाब दिला. काटा अर्ध्यापर्यंत चढला आणि 'फुस्स' असा आवाज करून खाली आला. आतले रबर कडक होऊन चिरले होते आणि स्प्रिंग ढिली पडली होती.

मग डायरीतल्या चारही तारखांचा अर्थ लागला. शहरात गाडी फारशी तापत नसल्याने दुबळे टोपणही निभावून नेत होते. घाटात भरउन्हात इंजिन तापले की ते दाब धरू शकत नसे. नळाच्या पाण्याने पातळ झालेले कूलंट लवकर उकळे, बुडबुडे करीत बाटलीत जाई आणि तिथून वाटेवर सांडे. म्हणून घरी जमिनीवर कधी ओल दिसली नाही. रेडिएटरवरचे पांढुरके डागही टोपणातून उडालेल्या पाण्याचेच होते.

मुलाने टोपण अण्णांच्या हातात ठेवले आणि मान खाली न घालता म्हणाला, "माझं चुकलं होतं, अण्णा. आणि वाईट काय, ते सांगू? हेड उतरवलं असतं तर जोडणी करताना मी नवीन टोपण आणि नवीन कूलंट घातलंच असतं. गाडी बरी झाली असती. तुम्ही म्हणाला असता, पोराने बरोबर ओळखलं. आणि मलाही तसंच वाटलं असतं."

हे वाक्य अण्णांना आत खोल लागले. पेढीवरचे जुने दिवाणजी त्यांना तरुणपणी हेच सांगत असत. तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर आहेत असे समजू नये. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बेरीज बिनचूक दिसते. गाडी बरी होणे हा निदानाचा पुरावा नव्हे. ३५ हजार खर्चून ती बरी झाली असती, तर एक निष्पाप चूक आयुष्यभर त्या मुलाच्या हातात कौशल्य म्हणून राहिली असती आणि पुढच्या कित्येक गिऱ्हाइकांच्या पदरात पडली असती.

मुलाने रेडिएटर धुऊन नवे कूलंट भरले, नवे टोपण बसवले आणि कागदावर हिशेब लिहिला. टोपण, कूलंट, मजुरी मिळून दोन हजारांच्या आत बिल झाले. चाचण्यांसमोर त्याने काहीच लिहिले नव्हते. अण्णांनी पेन मागून घेतले आणि त्या ओळीवर स्वतःच्या हाताने ५०० लिहिले. "शोधून काढणं हेसुद्धा कामच आहे," ते म्हणाले. "आम्ही त्याचे पैसे देत नाही, म्हणून तुम्ही लोक अंदाजाने सांगता आणि सामान बदलून पाहता."

निघताना मुलगा सहज बोलून गेला, "अण्णा, यार्डातल्या अमुक पेढीचा टेम्पो कालच कामाला येणार होता. आला नाही. फोनही उचलत नाहीत. माझं काही चुकलं असेल का?"

अण्णांचा पाय दारातच थांबला. ती पेढी चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाची होती.

त्या रात्रीही त्यांना झोप लागली नाही, पण कारण निराळे होते. पत हा शब्द त्यांनी आयुष्यभर जपला होता. उधारीची एक तारीख चुकली तर यार्डात तोंड कसे दाखवावे, असे वाटणाऱ्यांपैकी ते होते. त्याच यार्डात एका होतकरू मुलाची पत त्यांनी चहाच्या घोटाबरोबर, हातात कसलाही पुरावा नसताना, खाली आणली होती. मुलाने चुकीचे निदान केले, पण विचारताच तपासले, आणि तपासून स्वतःच खोडून काढले. अण्णांनीही एक निदान केले होते, माणसाचे. ते त्यांनी तपासलेही नव्हते आणि खोडलेही नव्हते.

वहीत चुकीची नोंद झाली तर ती खरवडून काढायची नसते, हा हिशेबाचा पहिला धडा. पान फाडायचे नाही, शाई पुसायची नाही. चूक दिसू द्यायची आणि तिच्याखाली दुरुस्तीची उलट नोंद घालायची. तीही ज्या वहीत चूक झाली त्याच वहीत. घरी बसून मनात पश्चात्ताप करणे म्हणजे दुसऱ्याच वहीत नोंद घालण्यासारखे होते.

सकाळी अण्णा त्याच टपरीवर त्याच वेळी गेले. चहा सांगितला. दोघे पेढीवाले होते, आणखीही तिघे-चौघे होते. अण्णांनी खिशातून जुने टोपण काढून मेजावर ठेवले आणि सगळी हकीकत सांगितली. स्वतः ओतलेल्या नळाच्या पाण्यासकट. शेवटी म्हणाले, "परवा इथे बसून मी त्या पोराबद्दल जे बोललो, ते मला माहीत नसताना बोललो. ते माझं चुकलं. तो चुकला होता, पण त्याने स्वतः तपासून स्वतः सांगितलं." या वेळी त्यांनी वाक्य पूर्ण केले.

टेम्पो दुपारी गॅरेजात गेला. दुसऱ्या पेढीची गाडी मात्र आजतागायत तिकडे फिरकलेली नाही. निसटलेला शब्द सगळाच्या सगळा परत येत नाही, हेही अण्णांनी पाहिले. मुलाला त्यांनी दुसऱ्याच दिवशी खरे ते सांगितले. तो क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "बसा अण्णा, चहा सांगतो."

तीन आठवड्यांनी पुण्याहून परतताना खंबाटकी पुन्हा लागला. ऊन तसेच होते. पत्नी डोळे मिटून शेजारी बसल्या होत्या. काटा मध्यावर येऊन स्थिर राहिला आणि घाट संपेपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण निवल्यावर, अण्णांनी बोनेट उघडून पाहिले. बाटलीतील पाणी नेमके खुणेवर होते. त्यांनी डायरी काढली, तारीख घातली आणि लिहिले: पाणी, शून्य.